डब्याच्या कॅमेऱ्यातला फोटो

८ जानेवारी २०२५, बुधवार

आले एकदाची कोल्हापुरात. नेसरीहून निघताना दोन पोती, एक ट्रंक आणि मी, एवढा लवाजमा होता. गडहिंग्लजला गाडी बदलताना कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय हाय. मी सांगितलं, कॅमेरे. त्याने पोतं दाबून बघितलं, आतले पत्र्याचे डबे खडखडले आणि तो माझ्या तोंडाकडे बघून हसला. मग मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लिहून ठेवते.

खोली राजारामपुरीत, गच्चीवर. पूर्वेला आणि दक्षिणेला खिडक्या, न्हाणी आतच. दिवसभर इतका छान उजेड येतो की भाडं उजेडाचंच घेतात की काय असं वाटावं. घरमालकीण पद्मावतीकाकू खाली राहतात. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे माझा डबाही साडेपाचलाच वर येणार. त्यांनी दोन वेताच्या खुर्च्या दिल्या. मी म्हटलं एकच पुरे, तर म्हणाल्या, असू दे की, कोण आलं-गेलं तर बसायला नको व्हय. मग मी दोन्ही खुर्च्या खिडकीपाशी मांडल्या.

शनिवारपासून माझा वर्ग सुरू होतोय, 'स्वस्तात फोटोग्राफी' नावाचा. ज्यांना हौस आहे पण महागडा कॅमेरा परवडत नाही, त्यांच्यासाठी. नेसरीच्या शाळेत मी आठ वर्षं विज्ञान शिकवलं. ही विद्या मात्र माझी नाही, मोहितची. मोहित माझा नवरा. गेल्या वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला पन्हाळ्याला फोटो काढायला निघाला आणि वाघबिळाच्या वळणावर ट्रकखाली गेला. हे एकदा लिहून टाकलं, आता रोज लिहायला नको.

११ जानेवारी

वर्गात अकराजण आले. मोहितने केलेला सगळा पसारा टेबलावर मांडला. नळाच्या पाइपांचा स्टँड. थर्मोकोलवर चांदीचा कागद चिकटवून केलेला रिफ्लेक्टर. तांदळाची पिशवी, तिच्यावर कॅमेरा टेकवला की हात हलला तरी फोटो हलत नाही. जुनी लेन्स उलटी लावून मुंगीचे डोळे टिपायची युक्ती. एक गृहस्थ सारखे विचारत होते, कुठला मोठा कॅमेरा घेऊ. मी सांगितलं, आधी घरातला चहाचा डबा घ्या. ते जरा दुखावले. दुखावू देत, असल्या लोकांची मला चीड येते.

विश्वजित नावाचा एकजण चांगला आहे. त्याचं औषधांचं दुकान आहे. मी म्हटलं, कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाण्यात कालवल्या की फोटोचा कागद धुता येतो. तो म्हणाला, गोळ्या मी आणतो की, मुदत संपलेल्या चालतील काय. चालतील म्हटलं.

१५ जानेवारी

आज डब्याचा कॅमेरा मांडला. दूध पावडरचा रिकामा डबा, आतून फळ्याचा काळा रंग मारलेला. बाजूला बोटाएवढं भोक आणि त्यावर थंड पेयाच्या कॅनचा पातळ पत्रा, त्याला सुईने टोचलेलं बारीक छिद्र. पॉलिश पेपरने कडा घासल्या. आत काळोखात फोटोचा कागद लावला, झाकण टेपने बंद केलं. लेन्स नाही, बटण नाही. छिद्रावरची चिकटपट्टी काढायची आणि सहा-सात तास वाट बघायची.

एवढा वेळ लागतो म्हणून याची एक गंमत आहे, वर्गात मी ती पहिल्याच दिवशी सांगितली. जे स्थिर असतं तेच यात येतं. जे हलतं ते येत नाही. भर चौकातला फोटो काढला तरी रस्ता रिकामा दिसतो.

सकाळी नऊ ते चार डबा कपाटावर ठेवला, खुर्च्यांकडे तोंड करून. मी घरातच होते, झाडलं, जेवले, कपडे वाळत घातले. मग न्हाणीत लाल दिवा लावून कागद धुतला. वास इतका घाण की काकू खालून ओरडल्या, काय जाळलंस गं. कागदावर उजेडाचं काळं आणि काळ्याचं पांढरं येतं. मोबाइलवर उलटं करून बघितलं. दोन्ही खुर्च्या, खिडकी, कॅलेंडर, सगळं सुरेख. मी मात्र कुठेच नाही. सात तास घरात वावरले आणि खोली रिकामी.

१९ जानेवारी

सकाळी नेसरीहून लीलाआईंचा फोन. लीलाआई म्हणजे मोहितच्या आई. म्हणाल्या, वर्षश्राद्धाला त्यो कोटातला फोटू लावू नको बाई, त्यो माझा ल्योक वाटतच न्हाई. दुसरा एक तरी धड असंल की.

नाही ना. हेच तर दुःख आहे. बाराव्याला फोटो हवा म्हणून स्टुडिओत आधार कार्ड दिलं, त्यांनी त्यावरचा चेहरा मोठा केला आणि खाली निळा कोट-टाय चिकटवला. मोहितने जन्मात कोट घातला नव्हता. त्याच्या हार्ड डिस्कवर चाळीस हजार फोटो आहेत. धबधबे, कोळी, बैल, मी झोपलेली, मी चिडलेली. तो एकातही नाही, कारण तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हा मान वळवून उजेड कुठून येतोय ते बघतोय. काही मोबाइलमध्ये असतील, तर मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला.

त्या दिवशी निघताना त्याने पाइपांचा स्टँड लावला होता. म्हणाला, आपला दोघांचा एक काढू, दहा सेकंद उभी राहा. माझी शाळेची वेळ झाली होती. मी म्हटलं, तुझी थेरं संध्याकाळी. लग्नातले ते मान वळवलेले सोडले, तर आम्हा दोघांचा एकत्र फोटो नाही. एकही नाही. तो मी होऊ दिला नाही.

२३ जानेवारी

कालच्या कागदावर डाव्या खुर्चीत धुरकट काहीतरी आलंय. डब्यात कुठूनतरी उजेड शिरत असणार. झाकणाला दुहेरी टेप लावली.

२७ जानेवारी

टेपचा दोष नव्हता. आज दुसरा डबा वापरला, नवा कागद, नवं छिद्र. डाव्या खुर्चीत कुणीतरी बसलंय. पाय दिसतात, मांडीवर ठेवलेले हात दिसतात, पोट, छाती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे.

कॅमेऱ्याची बॅग वर्षानुवर्षं डाव्या खांद्याला अडकवून मोहितचा खांदा तसाच उतरला होता. शर्ट शिवताना शिंपी दरवेळी बोलून दाखवायचा.

मी न्हाणीतच खाली बसले. ओला कागद हातात धरून खूप रडले. भीती वाटली का? वाटायला हवी होती. पण आधी आनंदच झाला.

१ फेब्रुवारी

चार कागद वापरले. प्रत्येकावर तो आहे. दिवसा डोळ्यांना खुर्ची रिकामीच दिसते, वेतावर हात ठेवला तर गारही लागत नाही. कागदावर मात्र तो बसलेला असतो, शर्टाची बटणं मोजता येतील इतका स्पष्ट.

फक्त चेहरा येत नाही. गळ्यापर्यंत सगळं रेखीव आणि वर आडवा फराटा. डोकं सतत हलत होतं, असं दिसतं. आयुष्यभर मला हलू नको म्हणून रागावला आणि आता स्वतःला स्वस्थ बसवत नाही.

लीलाआईंना सांगितलं, फोटो मिळेल, थोडे दिवस द्या. कुठनं ते सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

आज मी डबा कपाटावर ठेवून दिवसभर बाहेर राहिले. कागद धुतला, तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. म्हणजे मी घरात असते तेव्हाच तो येतो.

मग मनात आलं, मीच शेजारी बसले तर? सात तास अजिबात न हलता. मीही कागदावर येईन. त्याला माझ्याकडे बघून शांत वाटेल, डोकं थांबेल, चेहरा येईल. आईंना त्यांचा मुलगा मिळेल आणि मला दोघांचा फोटो.

८ फेब्रुवारी

बसले. नऊ ते चार. पहिला तास जीव नको झाला, नाकाला खाज, पायाला मुंग्या. दुपारनंतर मात्र सोपं झालं. इतकं सोपं, की श्वास कधी घेतला तेही आठवेना. डोळ्यांच्या पापण्या बहुतेक हलल्याच नाहीत.

कागदावर मी आलेय. लख्ख. माझ्या साडीची काठपट्टीसुद्धा आलीय. तो शेजारी आहे, माझ्याकडे वळलेला, आणि डोकं नेहमीसारखंच पुसलेलं. तरी शेजारी-शेजारी तर बसलोय. कागद उशाशी ठेवलाय.

उठताना डावा पाय लगेच आला नाही. अजूनही जरा परका वाटतो.

११ फेब्रुवारी

आज बसले होते तेव्हा पद्मावतीकाकू वर आल्या. दार लोटलेलंच असतं. त्या आत आल्या, ताकाचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि वळून सरळ माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही, फोटो बिघडला असता. त्यांनी हाक मारली, पोरी, ए पोरी, न्हाणीत डोकावल्या, परत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पंखा बंद केला आणि पुटपुटत गेल्या.

संध्याकाळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, मी वर आलतो तर दार उघडं, पंखा चालू, आन तू न्हाईस. कुठं गेलतीस? आरशात बघितलंयस काय सवताला, वाळून चिपाड झालीयास, खाली येऊन जेवत जा आमच्यात. मी बरं म्हटलं.

त्या माझ्यापासून दोन हातांवर होत्या.

१४ फेब्रुवारी

डावा पाय, डावा हात. सकाळी त्यांना बराच वेळ सांगावं लागतं. चौकात तीन रिक्षा समोरून गेल्या, हात करूनही थांबल्या नाहीत. चालत गेले.

आणि तरी चेहरा नाही.

१७ फेब्रुवारी

आजच्या कागदावर तो खुर्चीत नाही.

आधी वाटलं कागद वाया गेला, सगळा पांढरा. मग नीट बघितलं. पंजा आहे. डब्याच्या अगदी तोंडाशी धरलेला. बोटांच्या फटीतून खोलीची एक चिरी दिसते. तळहाताच्या रेघा दिसतात आणि अंगठ्यावरची सोल्डरिंगने भाजल्याची खूण.

छिद्रावर हात धरून सात तास उभा होता. माझा फोटो येऊ नये म्हणून.

मला इतका राग आला. एक वर्ष त्याच्यासाठी रडले मी. रिकाम्या खुर्चीला म्हटलं, एवढी नकोशी झाले का रे? तू दहा सेकंद मागितलेस ते मी दिले नाहीत, त्याचा सूड उगवतोस का? मग माझीच मला लाज वाटली. तो सूड उगवणारा माणूस नव्हता.

२० फेब्रुवारी

वर्गात वेळेवर गेले. टेबलामागे उभी राहिले. सगळे गप्पा मारत होते. मी 'बसा' म्हटलं, कुणी बघितलं नाही. पुन्हा म्हटलं. विश्वजित बाकीच्यांना सांगत होता, बाई अजून आल्या न्हाईत, आपण गृहपाठ तरी ठेवूया की. त्याने त्याच्या डब्यातला फोटो माझ्या हाताजवळ ठेवला.

त्याच्या आईचा फोटो होता. अंगणात भर उन्हात, जिथे काही मिनिटंच पुरतात, खुर्चीत बसलेली, अंग स्पष्ट, डोक्याच्या जागी आडवा फराटा. शेजारचा हसून म्हणाला, तोंड कुठं गेलं रे. विश्वजित म्हणाला, म्हातारी सारखी मान हलवत हुती, नको रं बाबा, नको रं बाबा म्हणत.

मी तशीच बाहेर पडले.

घरी सगळे कागद जमिनीवर मांडले. आडवा फराटा. प्रत्येकावर. एकावरही उभा नाही. तो पहिल्या दिवसापासून नको म्हणतोय. रोज सात तास.

२२ फेब्रुवारी

दोन दिवस बसले नाही. उन्हात फिरले, खासबाग मैदानापर्यंत गेले, जोरजोरात चालले. डावी बाजू थोडी परत आली. काकूंनी मला जिन्यातच बघितलं आणि पोटाशी धरलं. त्यांच्याकडे बसून गरम आमटी-भात खाल्ला. त्यांनी विचारलं, काय लपवतीयास. मी म्हटलं, मोहितची आठवण येते. त्या म्हणाल्या, येणारच की, पण जिवंत माणसानं हलत-डुलत ऱ्हायाला पायजे. आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले.

ठरवलं, डबे भंगारात देणार.

२४ फेब्रुवारी

लीलाआईंचा फोन. हार ठरवलाय, फ्रेम आणलीय, आत फोटू तेवढा घाल म्हणाल्या. मग रडायला लागल्या. म्हणाल्या, त्याचं तोंड आठवंना झालंय गं. डोळं मिटलं की कोटातलाच येतोय समोर.

मी डोळे मिटून बघितलं. निळा कोट.

२५ फेब्रुवारी

लाल दिव्यात फोटोच्या कागदांची काळी पिशवी उघडली. कागद तीनच उरलेत. बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना साठा होता, दुसरा मिळायचा नाही.

तीन कागद. तीन डबे. एक कपाटावर, एक खिडकीत, एक जमिनीवर.

त्याला हात दोनच आहेत.

२६ फेब्रुवारी

हे वाईट आहे, कळतंय मला. तो अडवतोय आणि मी त्याला हरवायला बघतेय. पण तो दोन डब्यांवर हात धरून उभा राहिला, तर तिसऱ्यात त्याचा चेहरा येईल. हात गुंतलेले असताना त्याला पळता येणार नाही. मान हलवून हलवून दमेल. कधीतरी थांबेल. एक क्षण पुरे नाही, मला माहीत आहे, मीच वर्गात शिकवते. तास लागतात. मी थांबेन.

काकूंना वाटतंय मी उद्या संध्याकाळी नेसरीला जाणार. गाडीत खायला थालीपीठं देते म्हणाल्या. दाराचं कुलूप आतून लावून घेईन. किल्ली त्यांच्याकडे आहे, पण हाक मारल्याशिवाय त्या येत नाहीत.

२७ फेब्रुवारी, सकाळी ९

तिन्ही डब्यांच्या पट्ट्या काढल्या. बसले. वही मांडीवर आहे, उजवा हात तेवढा हलू देणार. तो फोटोत येणार नाही. चालेल.

११

डावी बाजू गेली. दुखत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज लांब गेलाय.

१ वाजला असेल

कपाटावरच्या डब्यासमोरचा उजेड बदलला. खिडकीतल्याचाही. कुणी मध्ये उभं राहावं तसा. दोन्ही हात गुंतले त्याचे.

मोहित, थोडंच. आईंसाठी. खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी.

—

शेजारची खुर्ची कुरकुरली. बसला.

हात सोडले त्याने. दमला असेल. किंवा मी ऐकणार नाही हे कळलं त्याला. रडतोय, मला आवाज येतोय. तो रडलेला मी कधी

मान वळत नाही. बघता येत नाही. फोटोत बघेन

—

श्वास नाही मघापासून. नीट मोजलं. नाही.

त्याने माझ्या हातावर हात ठेवलाय. हा गरम आहे. माझाच गार

—

ऊन उतरलं. पट्ट्या लावायला उठायचं होतं. उठता येत नाही. मग कागद कोण काढणार. लाल दिवा, सोडा, कोण धुणार — हा विचारच केला नाही मी. एवढं सगळं करून फोटो बघायचा कुणी

—

काकूंची हाक. दोनदा. किल्ली.

आत आल्यात. थालीपीठांचा वास. समोर उभ्या आहेत. बघत नाहीत. पोरगी न सांगताच गेली की म्हणतायत. डोळे पुसतायत.

काकू मी आहे

आवरायला लागल्या. जमिनीवरचा डबा उचलला. हलवून बघतायत. टेप काढतायत

उजेड जाईल आत — सगळं काळं — काकू उघडू नका — त्यात आम्ही दोघं